सरपणातून अर्पणपेटी

(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी व मोठ्या वर्गासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : 2 राजे 12:4-16, 1 राजे 17:8-16, निर्गम 25:10

पाठाचा उद्देश : जळणात जाणाऱ्या लाकडातून वर्गासाठी एक साधी अर्पणपेटी तयार करणे, आणि जिच्यात दुसऱ्यांनी विश्वासाने टाकलेले ठेवायचे, ती वस्तू कशी निवडावी, कशी वाळवावी व कशी जोडावी, हे मुलांना हातांनी शिकू देणे.

प्रास्ताविक

पेटी बाजारात मिळते. पत्र्याची मिळते, प्लॅस्टिकची मिळते, आणि स्वस्तही मिळते. तेव्हा प्रथमच कोणी विचारील की, मुलांना चार-पाच महिने खपवून लाकडाची ओबडधोबड पेटी करण्याची गरज काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ तयार असले पाहिजे. आमचे उत्तर असे आहे : विकत आणलेल्या पेटीला मुले कुलूप लावतात, स्वतः केलेल्या पेटीवर ती लक्ष ठेवतात.

हाताने करून शिकणे हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस ह्यांनी शाळांत हस्तव्यवसाय आणला. स्वीडनमध्ये ओटो सालोमन ह्यांनी नॅस येथे शिक्षकांना लाकूडकाम शिकविण्याची शाळा चालविली. मुलाला सुतार बनविणे हा त्यांचा हेतू नव्हता. डोळा, हात व मन ही एकत्र कामाला लागावीत एवढाच होता. आपल्याकडे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली. तेथे गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला व त्याची योजना आखण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. पुढे राष्ट्रपती झालेल्या ह्या शिक्षणतज्ज्ञांचा जन्म आमच्या हैद्राबादचाच.

आम्ही बरकतपुऱ्यात राहणारी काही मराठी कुटुंबे आहोत. 1956 सालापर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैद्राबाद संस्थान व राज्य ह्यांतच होते. शिक्षण, नोकरी, कचेरीचे काम ह्यांसाठी माणसे ह्या शहरात येत. जवळच असलेल्या काचीगुडा स्टेशनातून, जे 1916 मध्ये बांधले गेले, मनमाडकडे गाड्या जात. असे आलेल्यांचे कित्येक वंशज आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत येथे आहेत. मुले फ्लॅटमध्ये वाढली, चूल त्यांनी पाहिली नाही, आणि लाकूड म्हणजे त्यांना प्लायवूड वाटते. हा पाठ अशा मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. परंतु खेड्यातील वर्गालाही तो थोड्या फरकाने घेता येईल.

लाकूड कोणाचे?

कामाला आरंभ करण्यापूर्वी 1 राजे 17 मधील सारफथच्या विधवेची गोष्ट वर्गात वाचावी. ती स्त्री नगराच्या वेशीशी काटक्या वेचीत होती. त्या दोन-चार काटक्या म्हणजे तिच्या घरचे शेवटचे जेवण होते. सरपण म्हणजे टाकाऊ वस्तू, असे शहरातल्या मुलाला वाटते. ज्या घरी चूल पेटते तेथे सरपण म्हणजे पोटाचा प्रश्न असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील सुमारे 59 टक्के घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरीत होती. ह्याचा अर्थ, दहांपैकी चार घरे अजून लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा ह्यांवर अवलंबून होती.

म्हणून पहिला नियम हा : कोणाच्या चुलीपुढचे लाकूड चांगले दिसले म्हणून मागून आणू नये. गरीब माणसाला पाळकांच्या किंवा शिक्षकांच्या शब्दाला नाही म्हणता येत नाही. वखारीतून घ्यायचे तर वजन करून, पैसे देऊन घ्यावे. फंक्शन हॉलमध्ये लग्नाच्या स्वयंपाकासाठी आणलेल्या लाकडांतून उरलेले, किंवा वादळात पडलेल्या फांद्यांचे घ्यायचे तर मालकाला विचारून घ्यावे. उभे झाड तोडण्याचा विचारही करू नये. 2002 च्या जल, भूमी व वृक्ष कायद्याप्रमाणे येथे झाड तोडण्यास परवानगी लागते. मुलांच्या देखत विचारणे, मोल देणे व पावती घेणे ह्यातून अर्धा पाठ होऊन जातो.

ढिगातून निवड

आता ढीग पाहू. आमच्या भागातील सरपणात साधारणपणे पुढील लाकडे सापडतात.

गुलमोहर दिसायला जाड, पण हलका व ठिसूळ. त्याला कीड लवकर लागते व तो लवकर कुजतो. तो पेटीला घेऊ नये. निलगिरी सरळ असते म्हणून मोह पडतो, परंतु वाळताना ती पिळवटते व तडकते. आंबा रंध्याला सोपा आहे, खोक्यांसाठी तो पुष्कळ वापरला जातो. मात्र त्यालाही किडीचे भय आहे. चिंचेचा गाभा गर्द व फार कठीण असतो. तेलाचे घाणे, मुसळे, खाटकाचे ठोकळे त्याचे होत. मुलांच्या करवतीला तो दाद देत नाही. कडुनिंब चांगला : मध्यम कठीण, तांबूस गाभ्याचा, आणि किडीला बराच दाद न देणारा. त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तो फोडण्यापेक्षा कापणे बरे.

बाभूळ तर दख्खनचे घरचे लाकूड. बैलगाडीची चाके, नांगर, अवजारांचे दांडे ह्यांना शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरले. येथे निर्गम 25:10 उघडावे. कोशासाठी बाभळीचे लाकूड सांगितले आहे, लांबी अडीच हात, रुंदी व उंची दीड-दीड हात. एक हात सुमारे 45 सेंटिमीटर धरला तर ती पेटी जवळजवळ 112 सेंटिमीटर लांब व 67 सेंटिमीटर रुंद होते. मुलांनी ही मापे खडूने जमिनीवर काढावीत. सीनायच्या रानात मोठी होणारी झाडे थोडी. बाभळीच्या जातीचे झाड हे त्यांतले प्रमुख. म्हणजे जे लाकूड हाताशी होते, ज्याची सावली व जळण लोक घेत होते, तेच त्या कामाला घेतले गेले.

परंतु आमच्या मते सगळ्यांत योग्य लाकूड निराळेच आहे. तलावांच्या काठी, रुळांच्या कडेला, पडीक जमिनीवर जिचे रान माजते ती वेडी बाभूळ. तेलुगू बोलणारे शेजारी तिला सर्कार तुम्म म्हणतात. ही खरी बाभूळ नव्हे, तिची दूरची नातेवाईक आहे. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेच्या बाजूने भारतात आणली गेली आणि आता ती काढून टाकता टाकता लोक थकले आहेत. काटा लागला तर जखम दुखते, तिच्याखाली दुसरे काही धड उगवत नाही. सर्वांच्या मते ती जाळण्याच्याच लायकीची. आणि तरीही तिचा गाभा सुरेख तपकिरी व कठीण असतो, आणि वाळताना तो फारच थोडा आकसतो. अमेरिकेत टेक्सास व मेक्सिको येथे तिच्या बहिणीच्या जातीच्या झाडापासून उत्तम टेबले, खुर्च्या व घरातील जमिनीच्या फळ्या करतात. तिला तोडल्याने कोणाचे नुकसान होत नाही. वखारीत तिचे जाड ओंडके मिळाले तर तेच घ्यावेत.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. ओंडका निदान वीतभर जाड असावा. साल उचकटून आत पोखरलेल्या वाटा आहेत का ते पाहावे. आणि ओंडका जमिनीवर आपटावा. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडला तर तो बाजूला ठेवावा. कीड बहुधा बाहेरच्या पांढऱ्या लाकडात असते, कारण झाडाचे अन्न तेथे साठते. म्हणून आपण फक्त गाभाच घ्यावा. दहा ओंडक्यांतून कामाचे दोन निघाले तरी पुष्कळ झाले. उरलेले सरपणच आहे, ते ज्याला हवे त्याला द्यावे.

दोन प्रकारची लाकडे मुळीच घेऊ नयेत. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर डांबरासारख्या विषारी तेलात मुरवलेले असतात. तसेच खोक्यांच्या फळ्यांवर 'एम.बी.' असा छाप असेल तर त्यांना विषारी वायू दिलेला असतो. 'एच.टी.' असा छाप म्हणजे केवळ उष्णता दिलेली. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाच्या गाभ्यात 56 अंश उष्णता 30 मिनिटे राहिलेली. ते लाकूड चालते.

फळ्या पाडणे

कुऱ्हाड मोठ्यांच्याच हाती असावी. ओंडका प्रथम पाचर ठोकून मधून उभा फोडावा, मग प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. फोडलेले लाकूड आपल्या धाग्यांच्या वाटेने सुटते, म्हणून ते मजबूत असते. करवत मात्र धागे वाटेल तेथे कापीत जाते. ह्यानंतर जवळच्या आरा मशीनवर नेऊन 15 मिलिमीटर जाडीच्या फळ्या पाडून घ्याव्यात. तत्पूर्वी ओंडक्यावरून लोहचुंबक फिरवावे. जुना खिळा आत राहिला असेल तर पाते तुटते व मशीनवाला पुन्हा आपले लाकूड घेणार नाही.

फळी शक्यतो ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे, चाकाच्या आऱ्याप्रमाणे पाडावी. ह्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत लांबीत जवळजवळ आकसत नाही. मध्याकडून सालीच्या दिशेने ते साधारण 3 ते 5 टक्के आकसते, तर वलयांच्या दिशेने त्याच्या दुप्पट. हा फरकच फळीला वाकवितो व फाडतो. आऱ्याप्रमाणे पाडलेली फळी सरळ राहते. ओंडक्याच्या अगदी मधला मऊ भाग काढून टाकावा, तडा तेथूनच सुरू होतो.

वाळवणे

आता सर्वांत कठीण काम येते, आणि ते म्हणजे काही न करणे.

हैद्राबादेत फेब्रुवारी ते मे हे महिने कोरडे असतात. जानेवारीच्या शेवटी फळ्या पाडल्या तर पावसाळ्यापूर्वी पेटी जोडता येते. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावावा, कारण टोकांतून पाणी अनेक पटींनी लवकर निघून जाते व तेथे चिरा पडतात. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या काठ्या घालून त्यांची थप्पी रचावी व वर दोन विटा ठेवाव्यात. उन्हात ठेवू नये. बाहेरचा भाग झटकन वाळतो, आतला ओला राहतो, आणि फळी तडकते.

वाळले हे कसे ओळखावे? डोळ्यांनी ओळखू येत नाही. थप्पीतील एका फळीवर खूण करून ती दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावी आणि वजन वहीत लिहावे. पहिल्या आठवड्यांत वजन भराभर उतरते, मग सावकाश. लागोपाठ तीन रविवारी काटा एकाच ठिकाणी थांबला की फळी हवेशी समतोल झाली. हे वहीचे काम एका मुलाला नेमून द्यावे. ह्या तीन-चार महिन्यांत मुले विचारतील, "केव्हा करायची पेटी?" शिक्षकांनी वही दाखवावी. बाहेरून कोरडी दिसणारी फळी आत किती पाणी धरून होती, हे ग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्यावर प्रवचनाची जरुरी पडत नाही.

मापे व साहित्य

लांब बाजूंसाठी 26 × 6 सें.मी. च्या 4 फळ्या. आखूड बाजूंसाठी 14 × 6 सें.मी. च्या 4 फळ्या. तळ व झाकण ह्यांसाठी 26 × 8 सें.मी. च्या 4 फळ्या, ह्या जरा जास्त रुंद निघाल्या तर उत्तम. सर्वांची जाडी रंधून 12 मि.मी. करावी. कोपऱ्यांसाठी 2 × 2 सें.मी. जाडीचे व 12 सें.मी. लांबीचे 4 खुंट. झाकणाच्या आतून लावण्यास 13 सें.मी. लांबीच्या 2 पट्ट्या. वाळलेल्या बांबूच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक अशा 3 सें.मी. च्या 32 खुंट्या. ह्याखेरीज स्क्रू, दोन बिजागऱ्या, दोन कडी-कोयंडे व दोन कुलुपे.

हत्यारे : करवत, रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट, हातोडी व काचकागद. वर्गात कोणी सुतारकाम करणारे बंधू असतील तर त्यांना आदराने बोलवावे, आणि त्या दिवशी शिक्षकांनी बाजूला बसावे. ज्या माणसाला आपण एरवी दार अडकले की बोलावतो, तो मुलांपुढे गुरू म्हणून उभा राहतो, हेही शिक्षणच आहे.

जोडणी

1. फळीची आत येणारी बाजू रंध्याने व काचकागदाने गुळगुळीत करावी. बाहेरची बाजू तशीच ठेवावी. करवतीच्या व कुऱ्हाडीच्या खुणा, गाठी, रंगातील फरक दिसू द्यावेत. फक्त हाताला कूस लागणार नाही एवढी ती घासावी. साल मात्र पूर्ण काढावी, कारण किडीचे घर तिच्याखालीच असते.

2. प्रत्येक बाजूस दोन फळ्या एकावर एक येतात. त्या एकमेकींना चिकटवू नयेत. दोहोंमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवून त्या कोपऱ्यातील खुंटांना जोडाव्यात. गिरमिटाने फळीतून खुंटात दीड सेंटिमीटर जाईल असे भोक पाडून, थोडा सरस किंवा फेविकॉल लावून बांबूची खुंटी ठोकावी. प्रत्येक फळीच्या प्रत्येक टोकाला दोन खुंट्या पुरेत. लांब बाजूच्या व आखूड बाजूच्या खुंट्या खुंटाच्या आत एकमेकींवर आदळू नयेत म्हणून त्या एक सेंटिमीटर वर-खाली घ्याव्यात. आखूड बाजू लांब बाजूंच्या मध्ये बसतात. प्रत्येक कोपरा गुण्याने तपासावा.

3. तळाच्या दोन फळ्या खालून लावाव्यात. प्रत्येक फळीच्या प्रत्येक टोकाला एकच स्क्रू, तो कोपऱ्यातील खुंटात. दोन फळ्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवावी आणि नाणे अडकू नये म्हणून आतून जाड कापडाची पट्टी एकाच फळीला चिकटवून दुसरीवर सोडावी. ही फट आळसाची नव्हे. सोळा सेंटिमीटर रुंदीची एकच फळी मे महिन्यात व ऑगस्टमध्ये मोजली तर दोनएक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. वाळलेले लाकूडही हवेतील ओल घेते व सोडते. त्याला चहूबाजूंनी जखडले की ते स्वतःला फाडून घेते. थोडी मोकळीक दिली की वर्षानुवर्षे टिकते.

4. झाकणाच्या दोन फळ्या शेजारी ठेवाव्यात व त्यांच्या समोरासमोरच्या कडा मध्यभागी सहा सेंटिमीटर लांबीपुरत्या प्रत्येकी चार मिलिमीटर पटाशीने कोराव्यात. दोन्ही मिळून नाणी व नोटा टाकण्यास फट तयार होते. दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटर व्यासाचे असते, ते सहज जाते. आतून दोन पट्ट्या, टोकांपासून चार सेंटिमीटर आत, स्क्रूने लावाव्यात. प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीवर एकच स्क्रू. मागे बिजागऱ्या, पुढे दोन कडी-कोयंडे.

5. शेवटी जवसाचे तेल कापडाने पातळ लावावे, अर्ध्या तासाने पुसून घ्यावे, दोन दिवसांनी पुन्हा लावावे. एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे : जवसाच्या तेलाचे बोळे एकत्र चुरगळून टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते व असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते पाण्यात भिजवावेत किंवा मोकळे पसरून वाळवावेत.

लांबी व गाठी ह्यांमुळे कोणत्याही दोन पेट्या सारख्या होणार नाहीत. लांबी भरून काढण्यासाठी किंवा चीर लपविण्यासाठी लांबी-पुट्टी भरण्याचा आग्रह कोणी धरील. तो मानू नये. निर्मळची खेळणी पोनिकीच्या हलक्या, मऊ लाकडाची, आणि सावंतवाडीची पांगाऱ्याची. त्यांवर रंग शोभतो, कारण ती रंगासाठीच घडविली जातात. अर्पणपेटीचे तसे नाही. तिच्यातील चीर दिसत असली की ती वाढते आहे का हे कोणालाही पाहता येते.

दोन कुलुपे

पेटी तयार झाल्यावर 2 राजे 12 वाचावा. योवाश राजाच्या काळी मंदिराची पडझड झाली होती. डागडुजीसाठी लोक पैसा देत, तो याजकांकडे जाई, आणि राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष आले तरी एक भगदाड बुजले नव्हते. तेथे कोणी चोरी केली असे शास्त्रात म्हटलेले नाही. पैसा कोठे ठेवावा, कोणी मोजावा, हे ठरलेले नव्हते, एवढेच दिसते. मग यहोयादा याजकाने काय केले? एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला, सर्वांना दिसेल अशी ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून ती रक्कम मोजीत. मोजलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट ह्यांच्या मजुरीला, आणि लाकूड व घडीव दगड ह्यांच्या खरेदीला जाई. त्या कामगारांवर देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत.

वर्गाने ह्यातील क्रम नीट पाहावा. पेटी उघड्यावर आली, मोजणारे दोघे झाले, आणि मग विश्वास वाढला. आपल्या मंडळ्यांतून पैशांवरून किती मने दुखावली आहेत, किती चांगली माणसे केवळ एकट्याने पैसा सांभाळल्यामुळे संशयात सापडली आहेत, हे वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. एकट्याच्या हाती किल्ली देणे हा त्या माणसाचा मान नव्हे, तो त्याच्यावरचा भार आहे. म्हणून पेटीला दोन कुलुपे. एक किल्ली शिक्षकाकडे व दुसरी वर्गाने निवडलेल्या मुलाकडे असावी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर्वांसमोर पेटी उघडावी, दोघांनी मोजावी, आणि ज्या वहीत फळीचे वजन लिहिले त्याच वहीत पुढच्या पानापासून रक्कम लिहावी. ती रक्कम कशासाठी आहे हे आधी ठरलेले असावे : आजाऱ्याचे औषध, एखाद्या मुलाच्या वह्या, किंवा चूल पेटविणाऱ्या घराला गॅसचे सिलिंडर.

पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरात पेटी पुन्हा तपासावी. फटी मिटल्या होत्या का, खुंटी सैल झाली का, कोठे पीठ पडते का, हे पाहावे. सैल खुंटी काढून नवी ठोकावी. अशी डागडुजी दरवर्षी मोठ्या वर्गाने लहान वर्गाला शिकवावी.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

1. सारफथच्या विधवेच्या काटक्या आणि आपण विकत घेतलेले ओंडके ह्यांत काय फरक आहे? आपल्या वापरातील कोणत्या वस्तू दुसऱ्याच्या चुलीपुढून उचललेल्या असू शकतील?

2. वेडी बाभूळ जाळण्याच्याच लायकीची, असे सर्व म्हणत. आपल्या वर्गात, शाळेत किंवा वस्तीत कोणाविषयी असे बोलले जाते? त्याला जवळून पाहिले आहे काय?

3. फळीचे वजन उतरणे थांबण्यापूर्वीच पेटी जोडली असती तर काय झाले असते? घाईने जोडलेली आणखी कोणती कामे तुम्हाला ठाऊक आहेत?

4. तळाच्या दोन फळ्यांमध्ये फट का ठेवली? एकत्र राहणाऱ्या माणसांत अशी मोकळीक कोठे लागते?

5. यहोयादाने पैसा मोजण्यास दोघे का नेमले? आपल्या घरी, वर्गात व मंडळीत हा नियम कोठे लागू करता येईल?

शिक्षकांस सूचना

हा पाठ एका बैठकीत संपत नाही. जानेवारीत निवड, उन्हाळाभर वजन, मेच्या अखेरीस चार रविवार जोडणी, आणि जूनच्या पहिल्या रविवारी पहिले अर्पण, असा क्रम ठेवावा. मध्येच एखादे कुटुंब बदली होऊन जाईल, एखादे मूल यावयाचे थांबेल. त्यांची नावे झाकणाच्या आतल्या गुळगुळीत बाजूवर पेन्सिलीने लिहून ठेवावीत. दर महिन्याला पेटी उघडली की ती वाचली जातील.